तिसरं कडवं

मिस्टर ऑग्डन यांच्या दातांच्या दवाखान्यात ड्रिलची घरघर बाहेर बसलेल्यांच्या कानांवर पडू नये म्हणून रेडिओ दिवसभर चालू असायचा, आणि अकरा वर्षं तिथल्या टेबलामागे बसून नोरीनने त्याच्याकडे लक्ष न द्यायची सवय अंगी बाणवली होती. त्या मंगळवारी सकाळी ती एका म्हातारीची पुढची तारीख वहीत लिहीत होती. ‘ऑक्टोबर’ लिहून झालं, आणि पुढचा आकडा लिहिण्याआधी तिचं पेन थांबलं. रेडिओवर कुणी पोरगी म्हणत होती, तुझा कोट अजून खुंटीला आहे, घरी ये. खाली धाड धाड धाड धाड, जसं शेजारच्या घरात कुणी भिंत फोडतंय. तुझा कोट अजून खुंटीला आहे. समोरच्या खुर्चीतला जाडा माणूस, अर्धा गाल बधिर, ओठ एका बाजूला लोंबलेला, बुटाच्या टाचेने ठेका धरून बसला होता. घरी ये, घरी ये, घरी ये. नोरीनला आधी वाटलं, आपल्याच डोक्यात वाजतंय. मग वाटलं, नाही, डोक्यात हे इतकं जलद कधीच वाजलं नव्हतं.

“जॅनीन, हे काय लावलंय?” तिने आतून ट्रे घेऊन आलेल्या नर्सला विचारलं.

“हे? तुम्ही ऐकलं नाही अजून? अहो, सगळीकडे हेच चाललंय. हाऊस आहे, नोरीन.”

“कुणाचं हाऊस?”

“कुणाचं नाही हो! गाण्याचा प्रकार आहे तो. हाऊस.”

“हे गाणं माझं आहे,” नोरीन म्हणाली.

“माझंसुद्धा!” जॅनीन म्हणाली आणि कमरेला एक झोका देऊन आत गेली. “मला तर वेड लागायची पाळी आलीय.”

आता हिला काय सांगायचं? गाणं खरंच तिचं होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, तेवीस वर्षांची असताना, ओल्डहॅमच्या कामगार क्लबांमधून ती शनिवारी गायची. मागे एक पियानो, एक ड्रम, समोर बिअर पिणारे गिरणीवाले आणि मध्येच आकड्यांचा खेळ सुरू झाला की गाणं थांबवायचं. तिथे कुणी मँचेस्टरचा माणूस आला, एक तबकडी काढू म्हणाला. तबकडीच्या मागच्या बाजूला काही तरी हवं म्हणून तिने हे दिलं. तीनशे प्रती निघाल्या आणि त्यातल्या निम्म्या आईच्या पलंगाखाली धूळ खात राहिल्या. गाणं संथ होतं. इतकं संथ, की ड्रमवाला तेव्हा म्हणाला होता, नोरीन, यात मी काय करू, झोपू का? तीन कडवी होती. पहिल्यात घर, दुसऱ्यात थंडी, तिसऱ्यात जे झालं ते. मधून मधून ध्रुपद, तेही फक्त पुढच्या कडव्यापर्यंत पोचायला, जसा जिन्यात दम घ्यायला माणूस टेकतो तसं. आणि शेफील्डच्या कुठल्याशा दोन पोरांनी, ‘मिल्क राउंड’ म्हणे त्यांचं नाव, कडवी तिन्ही फेकून दिली आणि ध्रुपद ठेवलं. दुपारी पुन्हा लागलं तेव्हा तिने वहीच्या कडेला रेघा मारून मोजलं. साडेतीन मिनिटांत चौतीस वेळा घरी ये. दारात आलेल्या कुत्र्यालासुद्धा माणूस चौतीस वेळा ये म्हणत नाही. नोरीनला हसू यायला हवं होतं, पण तिची कानशिलं तापली होती, कारण ज्या घरातून ही पोरगी देशभर सगळ्यांना बोलावत होती त्या घराची कडी कुणी घातली होती, हे तिसऱ्या कडव्यात होतं.

जानेवारी होता तेव्हा, सदुसष्ट सालचा. रविवार. प्रार्थनेहून सगळे परतले होते, ओव्हनमध्ये मांस होतं, काचांवर वाफ धरली होती. बर्नीने, बर्नडेटने, धाकटीने, जेवणाच्या टेबलाशी उभं राहून सांगितलं, तिला दिवस गेलेत. एकोणीस वर्षांची होती. सांगताना हातात बटाट्यांचं भांडं होतं आणि ते ती खाली ठेवायला विसरली होती. बाबा ओरडले नाहीत. ओरडायला त्यांच्यापाशी दम नव्हता. कापसाच्या तंतूंनी छाती कधीच भरून गेली होती, दोन वाक्यं बोलले की शिट्टी वाजायची. त्यांनी तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं, नीट टेबलावर ठेवलं, दंडाला धरून तिला पुढच्या दाराबाहेर नेलं आणि परत येऊन खुर्चीत बसले. “नोरीन,” ते म्हणाले, “कडी घाल.” आई ओव्हनशी पाठमोरी उभी होती. नोरीन उठली. सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही, की ती लगेच उठली. मीठ आण म्हटल्यावर उठावं तशी. कडी घातली, आणि तेवढ्यात बाहेरून, फळीच्या इतक्या जवळून की जणू कानातच, बर्नी म्हणाली, “कोट द्या. माझा कोट तरी द्या.” कोट खुंटीला होता. निळा, मोठ्या बटनांचा, नोरीनच्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावर. ती तिथे उभी राहिली. किती वेळ, ते तिला अजून ठरवता आलेलं नव्हतं. मग बाहेरची पावलं गेली आणि आत कुणी तरी म्हणालं, मांस करपतंय.

संध्याकाळी ती घरी आली तर नवऱ्याने, क्लिफर्डने, स्वयंपाकघरातला रेडिओ मोठा केला होता. बस चालवण्यातून निवृत्त होऊन त्याला दीड वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून त्याला घरात सगळं मोठ्यानेच लागे. “ऐकलंस?” तो म्हणाला. त्याचे डोळे पाणावले होते. “अगं, आपलं गाणं! आपलं!” नोरीनने पिशवी खाली ठेवली. हा दुसरा वैताग, आणि याची पूर्ण जबाबदारी तिचीच होती. अडुसष्ट साली क्लिफर्ड मालवाहू बोटीवर होता. जाताना आपला जाड कोट तिच्या आईकडे ठेवून गेला होता, उष्ण देशात काय करायचाय म्हणून. परत आला, तबकडी ऐकली, आणि त्याच्या मनाने घेतलं की कोट त्याचाच. तेव्हा तो इतका खूश झाला होता, इतका, की नोरीन म्हणाली, “हं.” त्या एका ‘हं’वर सव्वीस वर्षांचा संसार काही उभा नव्हता, पण तो त्या ‘हं’ला वळसा घालून नक्की बांधला होता. त्याने तबकडीची उलटी बाजू शेवटपर्यंत कधी ऐकली होती की नाही कोण जाणे. ऐकली असती तर तिसऱ्या कडव्यातल्या कडीचं त्याने काय केलं असतं? बोटीला कडी नसते.

आठवड्याभरात गाणं देशातल्या खपाच्या यादीत एकोणिसावं आलं, मग सातवं. क्लिफर्डने स्थानिक पेपरला फोन केला. एक मुलगी आली, फोटो काढून गेली, आणि शुक्रवारी छापून आलं: ‘समुद्रावर गेलेल्या प्रियकराचा कोट देशाला नाचवतोय’. फोटोत क्लिफर्डने जुना कोट अंगावर चढवला होता; बटन लागत नव्हतं म्हणून हाताने धरला होता. मासळी तळणाऱ्या दुकानात लोकांनी त्याला रांगेत पुढे घेतलं. पोस्टात, चर्चच्या पायऱ्यांवर, जो भेटेल तो नोरीनचा हात दाबून म्हणे, “किती गोड हो.” गोड! तिला वाटे, एकेकाच्या खांद्याला धरून गदागदा हलवावं आणि विचारावं, बाई, कोट खुंटीला राहिला असेल तर माणूस बाहेर कसं गेलं असेल, जानेवारीत? एवढासुद्धा विचार करता येत नाही? पण लोकांनी का करावा? गाणं असं होतंच आता. कापून, धुऊन, चकचकीत केलेलं. तिला आठवलं, बाबांनी ते एकदाच ऐकलं होतं. पुढच्या खोलीत आईने हौसेने तबकडी लावली. दोन कडवी ते बुटांकडे बघत बसले. तिसरं सुरू झालं तशी त्यांनी मान वर केली, नोरीनकडे पाहिलं, आणि उठून मागच्या अंगणात गेले. भिंतीपलीकडून त्यांच्या छातीची शिट्टी येत राहिली. आई म्हणाली, चाल छान आहे.

शेवटी नोरीनने तबकडीवाल्या कंपनीला फोन लावला. चार जणांनी तिला एकमेकांकडे ढकललं, आणि पाचव्याने त्या दोघांतल्या एका पोराचा, डॅरिलचा, नंबर दिला. तो इतका अदबीने बोलला की तिचा संताप टेकायला जागाच मिळेना.

“मिसेस हॅलिवेल! खरंच तुम्ही? माझ्या आजीकडे तुमची तबकडी होती. लहानपणापासून ऐकतोय मी.”

“मग कडवी कुठे गेली?”

“कडवी...” तो जरा थांबला. “आम्ही घेतली होती हो. आमच्या गाणाऱ्या मुलीने म्हटलीसुद्धा. पहिली दोन चालली असती. पण ते तिसरं आलं ना, की खोलीतलं सगळं बंद पडायचं. खरं सांगू? तिने ते एकदा म्हटलं आणि पुन्हा म्हणायला नाही म्हणाली. त्यावर कुणी नाचणार नाही, मिसेस हॅलिवेल.”

“ते नाचायला लिहिलंच नव्हतं.”

“हो. ते कळलं आम्हाला,” डॅरिल म्हणाला. “म्हणूनच काढलं.”

तिने रिसीव्हर ठेवला. सगळ्या देशात तिसरं कडवं नीट ऐकणारा एकच प्राणी, आणि त्याने ते कापलं होतं.

तिसऱ्या रविवारी गाणं दुसऱ्या क्रमांकावर आलं. क्लिफर्डने संध्याकाळच्या चहाला अर्धी गल्ली बोलावली होती. सँडविचं, केक, टेबलाच्या मध्यभागी रेडिओ. चाळिसाव्यापासून एकेक गाणं खाली पडत गेलं आणि शेवटी दोनच उरली तेव्हा लोक हात धरून उभे राहिले. दुसरं आलं. “लुटलं आपल्याला!” क्लिफर्ड म्हणाला, आणि खरोखरच त्याचा चेहरा पडला. नोरीन सँडविचांच्या कडा गोळा करत होती. तिला एवढंच वाटलं, की आता ते खाली जाऊ लागेल. सगळं वर गेलेलं खाली येतंच. दोन महिन्यांत विसरतील. मग बुधवारी दुपारी, तिची अर्ध्या दिवसाची सुट्टी होती तेव्हा, फोन वाजला.

“नोरीन टियर्नी आहे का?” बाईचा आवाज होता. बोलण्यात पूर्व किनाऱ्याची ढब, पण तिच्याखाली दुसरं काही तरी, जुन्या भिंतीच्या रंगाखालचा रंग दिसावा तसं. “म्हणजे लग्नाआधीची टियर्नी.”

“बोलतेय.”

“मी बर्नी.”

नोरीन जिन्याच्या पायरीवर बसली. हल शहरातला बर्नीचा पत्ता आईच्या बिस्किटांच्या डब्यात होता, वर्षानुवर्षं. आई तिकडे पत्रं टाकायची, तिकडून नाताळचं कार्ड यायचं. आई गेली तेव्हा नोरीनने त्याच पत्त्यावर तार केली होती, आणि चर्चमध्ये शेवटच्या बाकावर हिरव्या टोपीतली एक बाई बसलेली तिला दिसली होती. वळून जाईपर्यंत बाक रिकामा झाला होता. ते सोडलं तर एकोणतीस वर्षं काही नाही.

“लोरेनने कॅसेट आणली,” बर्नी सांगत होती. “माझी मुलगी. तिची पोरगी त्यावर सोफ्यावर उड्या मारते, सकाळ नाही संध्याकाळ नाही, मी मेटाकुटीला आले. म्हटलं, बघू तरी कुणाचं आहे हे कार्टं गाणं. चष्मा लावला. मुंगीएवढ्या अक्षरांत, एन. टियर्नी. नोरीन, मी ओट्याला धरून उभी राहिले. माझा कोट. निळा. तो माझाच ना?”

“तुझाच.”

“मला वाटायचं, तुला माझं काही पडलेलंच नव्हतं,” बर्नी म्हणाली आणि रडू लागली. “मला वाटायचं, तू त्यांचीच. आणि तू मला बोलवत होतीस गं. सगळा वेळ.”

नोरीनने तोंड उघडलं. चौतीस वेळा घरी ये तिच्या आणि त्या दुसऱ्या टोकाच्या मध्ये उभं होतं, छान इस्त्री केलेलं. तिला फक्त गप्प बसायचं होतं. तेच तर तिला उत्तम जमत होतं. “लीड्सला भेटू,” ती म्हणाली, “मध्यावर पडेल. उद्या?”

फोन ठेवला तेव्हा क्लिफर्ड स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, हातात चहाचे दोन मग.

“तो कोट तुझा नव्हता, क्लिफर्ड,” नोरीन म्हणाली. एकदा सुरुवात करायचीच तर सगळ्यांनाच सांगून टाकावं. “गाण्यातला. माझ्या बहिणीचा होता.”

“बहिणीचा,” तो म्हणाला.

“तेव्हाच सांगायला हवं होतं.”

त्याने एक मग तिच्या शेजारी पायरीवर ठेवला. “मग माझ्या कोटावर तू काही लिहिलंच नाहीस,” तो म्हणाला. त्यात रागही नव्हता, नुसती बेरीज होती. थोड्या वेळाने: “पेपरवाल्यांना कळवावं लागेल का?” नोरीनला इतका वैताग आला, आणि त्याच वेळी त्याची इतकी माया आली, की तिला दोन्हीतलं एकही धड करता आलं नाही. सकाळी त्याने तिला स्टेशनवर सोडलं. गाडीतला रेडिओ त्याने लावला नाही.

लीड्सच्या बाजारातल्या चहाच्या दुकानात बर्नी आधीच येऊन बसली होती. तिला ओळखायला वेळ लागला नाही. आईच समोर बसली होती, फक्त केस रंगवलेली. दोघींनी मिठी मारली ती आडवीतिडवी, टेबलाच्या कोपऱ्यावरून. मग चहा आला, लोणी लावलेले गोड पाव आले. बर्नी बोलत सुटली. हलमध्ये मैत्रिणीच्या मावशीने ठेवून घेतलं, तिथे मासळीच्या कारखान्यात काम, लोरेन, मग एक बरा नवरा, मग त्याचं जाणं. ती बोलताना नोरीनचा हात थोपटत होती. नोरीनला तो हात काढून घ्यावासा वाटत होता. अजून वेळ आहे, तिच्या मनात येत होतं. अजून तिचा पाव संपायचाय. माणसं चांगल्या बातमीवर म्हातारी होतात, होऊ दे की. कुणाचं काय बिघडतं? ज्याला कळलं होतं त्या पोरानेसुद्धा कापूनच टाकलं.

“एक सांगू?” बर्नी म्हणाली. “हाकललं त्याचं मला तितकं नाही. सगळेच बाप हाकलायचे तेव्हा. पण मी कोट मागितला ना, तेव्हा ते दाराच्या आत उभे होते. फळीला लागून. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, जड, ओढल्यासारखा. एक फूटसुद्धा अंतर नसेल. उभं राहून ऐकलं त्यांनी आणि कोट दिला नाही. ते मी नाही विसरले. मेले तेव्हा आईने कळवलं, मी आले नाही. लोरेनला त्यांचा फोटो कधी दाखवला नाही.”

नोरीनने कप खाली ठेवला. बशीवर तो जरा जोरातच लागला.

“गाण्याला तिसरं कडवं आहे,” ती म्हणाली.

“कॅसेटवर नाही.”

“कॅसेटवर नाही. ऐक.”

तिने नुसते शब्द सांगायचा प्रयत्न केला, पण चालीशिवाय ते येईनात. पहिली ओळच सापडेना. मग खाली टेबलाच्या फळीकडे बघत, शेजारच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, जुन्याच संथ लयीत तिने म्हटलं. वर्षानुवर्षं न गायलेला गळा दोनदा फाटला.

*घाल म्हणाले कडी, मी घातली,*
*कोट हाताशी होता, दिला नाही.*
*बाहेर तू, आत मी, मध्ये एक फळी,*
*आणि मी श्वास घेत राहिले.*

बर्नीचा हात नोरीनच्या हातावरून निघून गेला. कधी गेला ते कळलं नाही. शेजारच्या टेबलावरची बाई नातवाचं तोंड पुसत होती. पलीकडे कुणी तरी कोबीचा भाव ओरडत होतं. बर्नी खिडकीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उचलून दुसरीकडे ठेवली जात होती, घर बदलताना ठेवतात तशी, घाईने आणि मोजून.

“तू,” ती म्हणाली.

“हो.”

“तो श्वास तुझा होता.”

“मी रडत होते. पण ते काही—”

“नको. ते सांगू नकोस.” बर्नीने हात वर केला. “बाबा कुठे होते?”

“आत. खुर्चीत. तू कोट मागितलास ते त्यांना ऐकूही आलं नसेल. गाणं ऐकलं तेव्हा त्यांना कळलं.”

“बावीस वर्षं झाली त्यांना जाऊन,” बर्नी म्हणाली. “बावीस वर्षं मी एका माणसाच्या कबरीकडे फिरकले नाही, आणि तो आत खुर्चीत बसला होता.” मग ती एकदम नोरीनकडे वळली, आणि तिचा आवाज चढला, इतका की कोबीवालाही थांबला. “अगं पण गाणं? गाणं कशाला लिहिलंस, मूर्ख बाई? तबकडी काढलीस! पियानो लावलास! पत्ता आईच्या डब्यात होता, पोस्टाचं तिकीट चार पेनीला मिळायचं. बर्नी, मी होते दाराशी, मला माफ कर. एवढं एका कार्डावर मावलं असतं, वर हवापाण्यालाही जागा उरली असती!”

“मावलं असतं,” नोरीन म्हणाली.

“मग?”

“लिहिता आलं नाही. गाता आलं.”

“गाता आलं!” बर्नीने हात कपाळावर मारला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. ती उठली, पर्स घेतली, परत बसली, पर्स मांडीवर ठेवली. घड्याळ पाहिलं. तिची बस तीनला होती.

“मी जाते,” ती म्हणाली. “मला धड रागसुद्धा येत नाहीये. इतका मोठा राग असा बाजारात बसून येत नाही.” उठून तिने अंगात जॅकेट चढवलं, चेन वर ओढली, आणि टेबलाशी तशीच उभी राहिली. नोरीनला वाटलं, आता ही जाणार आणि चर्चमधल्यासारखा बाक रिकामा होणार, आणि ते रास्तच होईल.

“पुढच्या गुरुवारी हलला ये,” बर्नी म्हणाली. “साडेअकराची गाडी असते. तोवर मला सगळं सुचेल. जेवून झालं की मी तुला बोलणार आहे, नोरीन. एकोणतीस वर्षांचं बोलणार आहे. आणि तू मध्ये एक अक्षर काढायचं नाहीस.”

“नाही काढणार.”

“मासे चालतात ना तुला अजून?”

“चालतात,” नोरीन म्हणाली.